दोन्ही चालूच हायत की

मंगळवेढ्यातल्या एका पतसंस्थेचे संगणक मी सांभाळायचो, तेव्हाची गोष्ट. मागच्या खोलीत दोन सर्व्हर होते. एक बंद पडला की दुसऱ्यानं काम उचलायचं. दोघांमध्ये सरळ एक वायर टाकलेली. तिच्यावरून सतत ‘आहेस का?’ ‘आहे’ चालायचं, तोच हार्टबीट. प्रत्येक नोंदीची प्रतही डीआरबीडी नावाचं सॉफ्टवेअर त्याच वायरीवरून दुसऱ्याच्या डिस्कवर उतरवायचं. काउंटरवरच्या संगणकांना एकच आयपी पत्ता माहीत. जो सर्व्हर कामावर, त्याच्याकडे तो पत्ता. एक यंत्र जळालं तरी खिडकी बंद पडणार नाही, असं संचालकांना मी ऐटीत सांगून ठेवलं होतं.

यंत्र जळालंच नाही.

कार्यालयाला लागून ज्वारीचं गोदाम. आमच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. उंदरांना तिची पारख त्याआधीपासूनची. सुगी होऊन पोती लागली की त्यांचा मुक्काम आमच्या खोलीपर्यंत यायचा.

मार्चमधली सकाळ. एका आजीनं पहिल्या खिडकीवर पाच हजार भरले आणि पासबुक भरून घ्यायला तिसऱ्या खिडकीशी गेली. तिथं नोंदच नाही. “आजी, इथं दिसंना झालंय.” “आवं, आत्ताच भरल्यात की. ही बघा पावती.” पावती खरी होती.

मी तेव्हा सोलापुरात. शिपाईमामांना फोन केला, कुठला सर्व्हर बंद पडलाय बघा. “साहेब, दोन्ही चालूच हायत की.”

ते ऐकूनच पोटात गोळा आला. वायर कुरतडली गेली होती. प्रत्येक सर्व्हरनं गृहीत धरलं, समोरचा मेला. मग दोघांनीही तोच पत्ता घेतला आणि दोघंही मालक झाले. ज्या काउंटरला जो सापडला, त्याच्याकडे त्या काउंटरच्या नोंदी. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. नुसती वायर बदलून हे निस्तरत नाही, कारण दोन डिस्कांवर दोन वेगळ्या सकाळी लिहिलेल्या असतात आणि एक पुसावी लागते. आम्ही कमी नोंदी असलेली पुसली. त्यातल्या अडतीस नोंदी स्लिपा बघून हातानं पुन्हा चढवल्या. रात्रीचे साडेनऊ झाले.

चूक उंदराची नव्हती. ‘फेन्सिंग’ मी बसवलंच नव्हतं. समोरच्याचं उत्तर आलं नाही तर आधी त्याची वीज तोडायची आणि मगच काम हाती घ्यायचं, असा तो नियम. इंग्रजीत त्याचं लाडकं नाव ‘स्टोनिथ’, म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला. चालू मशिनची वीज आपणच तोडायची, हे तेव्हा मला अघोरी वाटलं होतं.

मग ते बसवलं. दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना पाडू नये म्हणून एकाला पाच सेकंद थांबायला लावलं. हार्टबीटला दुसरी वाट दिली. दोघांत बहुमत होत नाही, म्हणून दुसऱ्या शाखेतल्या एका जुन्या संगणकाला तिसरं मत दिलं.

एका रविवारी दोन्ही वायरी मुद्दाम उपटल्या. पाच-सात सेकंद काहीच नाही. मग खालच्या सर्व्हरचा पंखा खाडकन थांबला.

“साहेब, एक गेला!” मामा ओरडले.

“जाऊ द्या मामा, पाडलाय.”

मामांना ते काही पटलं नाही. त्यांनी घरून पिंजरा आणला, त्यात कडक भाकरीचा तुकडा अडकवला आणि रॅकच्या पायाशी ठेवला.