लेहच्या अंगणातला नळ

लडाखला लोक उन्हाळ्यात जातात. आम्ही मात्र एल.टी.सी. घेऊन सहकुटुंब गेलो ते ऐन जानेवारीत. ऑफिसातल्या मंडळींनी वेड्यात काढले. पण गोंपांमधले हिवाळी उत्सव पाहायची इच्छा फार दिवसांची होती.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरतो. साधे नळ गोठतात, मग टँकरची वाट पाहावी लागते. आम्ही ज्या लडाखी कुटुंबाकडे उतरलो, त्यांच्या अंगणात मात्र वर दांडी असलेला एक उभा लोखंडी नळ होता. तो थंडीतही चाले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दांडी उचलली, तर थेंब येईना. घरातल्या सत्तरीच्या आजी, सगळे त्यांना 'आबी-ले' म्हणत, काही न बोलता कॅन घेऊन बर्फाळ वाटेने झऱ्याकडे निघाल्या. आम्हीही मागोमाग गेलो. एका कॅनमध्येच आमची छाती भरून आली.

परत आलो तेव्हा त्यांचा मुलगा नळापाशी उभा होता. "काल संध्याकाळी रबरी पाइप कोणी लावला?" त्याने विचारले. बादल्या भरायला तो आम्हीच लावला होता आणि तसाच सोडला होता.

मग त्याने समजावून सांगितले. या नळाचा व्हॉल्व्ह वर नसतो. जमीन जिथवर गोठते, त्याच्याही खाली असतो. दांडी दाबून नळ बंद केला की उभ्या नळीतले पाणी तळाच्या बारीक भोकातून खडीत निचरून जाते. नळी रिकामी, मग गोठणार काय? पण वरून हवा शिरल्याशिवाय पाणी खाली उतरत नाही. सरबताच्या नळीचे वरचे तोंड बोटाने दाबून पाहा, सरबत आत अडकून राहते. आमच्या पाइपने तेच केले. दांडी पुरती दाबली नाही किंवा भोक मातीने बुजले, तरी नळ असाच गोठतो. शिवाय पाण्याचे बर्फ झाले की ते सुमारे नऊ टक्के फुगते, लोखंडही तडकते.

शेजारी जाळ करायला निघाले होते. मुलाने थांबवले, जाळाने आतले रबर जळते. त्याने पाइप काढला, दांडी वर ठेवली, नळीला फडकी गुंडाळली आणि तोंडाकडून खाली हळूहळू गरम पाणी ओतत गेला. तासाभराने नळ खोकला आणि पाणी आले.

आम्ही आबी-लेंची माफी मागितली. त्या हसल्या आणि चहाचा पेला पुढे केला. दोष थंडीचा नव्हता, आमच्या आळसाचा होता. पायपीट मात्र त्यांना पडली.

निघेपर्यंत रोज संध्याकाळी पाइप काढून दांडी दाबण्याचे काम आम्ही आमच्याकडे घेतले. थंड मुलखात कोणाच्या घरी उतरलात, तर वाचकहो, नळ कसा बंद करायचा ते आधी विचारा.