मालवणांतील पान

मालवणास जाणाऱ्यास प्रथम सिंधुदुर्ग दिसतो व तो पाहून झाला म्हणजे भूक लागते. जेवावें कोठें, हा प्रश्न मासळी खाणारांस पडत नाहीं. खाणावळी पावलोपावलीं आहेत. आम्हांस मात्र तो पडला, कारण गेल्या चैत्रांत आमच्याबरोबर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याबाई होत्या. मालवण हें त्यांचें आजोळ. साठ वर्षांत तेथें त्यांचें पाऊल पडलें नव्हतें.

कुरटे बेटावरील या किल्ल्याचें काम शिवाजीमहाराजांनीं १६६४ सालीं सुरू केलें, तें १६६७ सालीं पुरें झालें. चोहोंकडे खारें पाणी असून आंत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. आत्याबाई होडींत बसल्या नाहींत. परत आल्यावर आम्हीं हीं नांवें सांगितलीं, तेव्हां म्हणाल्या, "दूध, दहीं, साखर झालें, आतां भात कुठें मिळतो तें बघ."

पहिल्या दिवशीं एका खाणावळींत शाकाहारी ताट मागविलें. आमटीस मासळीचा वास; पळी एकच असावी. आत्याबाईंनीं कोणास कांहीं न बोलतां दहींभात खाल्ला. मला राग आला, पण दोष माझाच. मासळीच्या चुलीशीं जाऊन मीं तें मागितलें होतें.

अखेर होडीवाल्यानेंच भरडापलीकडचें एक घर सांगितलें. तेथील काकूंना आदल्या संध्याकाळीं कळविल्यास त्या पाहुण्यांचें पान मांडतात. आदल्या संध्याकाळीं अशासाठीं कीं, काळे वाटाणे रात्रभर भिजल्यावांचून शिजत नाहींत. त्यांचें सांबारें, आंबोळी, ओल्या काजूगरांची उसळ, भात आणि सोलकढी असा बेत होता. ओल्या काजूचा चीक हात भाजतो, म्हणून त्या उसळीचे पैसे काकू निराळे घेतात, व तें योग्यच आहे.

"शिरवाळे होतील का?" आत्याबाईंनीं भीतभीतच विचारिलें. तांदुळाच्या पिठाची उकड काढावी, तिचे गोळे पुन्हां उकळत्या पाण्यांत शिजवावे आणि गरम असतांनाच साच्यांतून दाबावे. एकटीच्या हातचें तें काम नव्हे. काकू म्हणाल्या, "दाबूक माणूस देशात तर करतंय."

दुसऱ्या दिवशीं आत्याबाई स्वतःच उठल्या. लाकडी साच्यास हात लावला, पण तो हलेना. "आजीकडे मीच दाबायची," एवढेंच त्या म्हणाल्या. हात मात्र काढला नाहीं. मग त्यांच्या हातांवर हात ठेवून मीं जोर दिला, तेव्हां खालच्या ताटांत पांढऱ्या शेवया पडूं लागल्या. गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसांत बुडवून आत्याबाईंनीं त्या तीन वेळां घेतल्या. चौथ्या वेळीं किंचित् थांबून म्हणाल्या, "गूळ अंमळ कमी आहे हो."

काकूंनीं न रागावतां गुळाची वाटी पुढें केली.