आबा, तोंडी सांगून भागत नाही

ती. आबांस,


ट्रकचे बिघाड लिहून ठेवायला सोबत एक वही पाठवते आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, डॅशबोर्डच्या खणात मावेल अशी. ती बघून तुम्ही हसणार आणि "आता या वयात शाळा व्हय गं?" म्हणणार, हे धरूनच लिहायला बसले. फोनवर हा विषय कधी पुरा होत नाही. मी मुद्द्यावर येते आणि तुमचा टोलनाका येतो.

गाडी तपासायची कशी, हे मी तुम्हाला सांगायचा प्रश्नच नाही. टॉमी घेऊन एकेक टायर ठोकत तुम्ही गाडीभोवती फिरता. जोडीतला आतला टायर बसला असला तर तो बद्द वाजतो, आणि तुम्हाला वाकून बघावंही लागत नाही. हवेच्या टाकीतलं पाणी सोडायचं, हवा पुरती भरू द्यायची, मग इंजिन बंद करून ब्रेकचं पेडल दाबून धरायचं आणि काट्याकडं बघत बसायचं. काटा हळूहळू उतरायला लागला की कुठंतरी गळतंय. मग साबणाचा फेस घेऊन गाडीखाली शिरायचं, जॉइंटवर बुडबुडे धरतात का बघायचं. लहानपणी तो फेस करून द्यायचं काम माझ्याकडं असायचं.

पण हे सगळं तुमच्या डोक्यात राहतं. तुम्ही चार दिवस घरी आलात की गाडी बदली ड्रायव्हर नेतो. मागच्या उजव्या चाकाचं ब्रेक लायनर संपत आलंय, हे त्याला कोण सांगणार? मालकाला तुम्ही फोनवर सांगितलेलं असतं, "पुढच्या खेपेला बघू" म्हणून त्यांनी ऐकलेलंही असतं. उद्या काही झालं तर त्या बोलण्याचा पुरावा कुठं आहे?

इथं पलूसच्या एमआयडीसीत गेटवर मी दिवसभर गाड्यांच्या नोंदी घेते. आरसी, विमा, पीयूसी, पासिंग बघितलं की गाडी आत. यातला एकही कागद ब्रेकबद्दल आजचं काही सांगत नाही. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचं पासिंग दोन वर्षांनी, त्यापुढं दरवर्षी. ट्रकच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली तर तो टायर रस्त्यावर चालत नाही, असा नियम आहे. पण पासिंगच्या दिवसापुरते चांगले टायर चढवायचे आणि घरी येऊन पुन्हा गोटा झालेले लावायचे, हे करणारे महाभाग तुम्हीच मला दाखवलेत.

तुमचा खरा आक्षेप मला माहीत आहे. "लिहून ठेवलं म्हणजे आपणच आपल्या हातानं कबूल केलं, की दोष माहीत असून गाडी चालवली." हा आक्षेप खोटा नाही. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 190 मी वाचून काढलं. धोकादायक दोष असलेली गाडी चालवणाऱ्यावर ते लागतं, आणि दोष माहीत असण्याचीच गरज नाही. साधी काळजी घेतली असती तर कळला असता, एवढं पुरतं. म्हणजे "मला ठाऊक नव्हतं" म्हणून ड्रायव्हर सुटत नाही. पण तेच कलम अशी गाडी चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही धरतं. मालकाला ठाऊक होतं, हे दाखवायला तुमच्याकडं आज काय आहे? न लिहून तुम्ही वाचत नाही आबा, मालक तेवढे वाचतात.

नवले पुलाचा उतार तुम्ही दर खेपेला उतरता. 20 नोव्हेंबर 2022 ला तिथं एका ट्रकनं डझनावारी गाड्या ठोकरल्या. पहिली बातमी ब्रेक फेलची. मग पोलिसांनी सांगितलं, की ड्रायव्हरनं उतारावर इंजिनच बंद केलं होतं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. दाबेल तशी हवा संपत जाते आणि इंजिनाची ओढही उरत नाही. डिझेल वाचवायचा हा उद्योग कोण कोण करतं, ते मी तुम्हाला विचारत नाही. पण अशानं "ब्रेक फेल" या शब्दांवर आता कुणाचा विश्वास उरलेला नाही. ज्याचे ब्रेक खरंच गेले त्याचंही कुणी ऐकत नाही. तीन दिवस आधीच्या तारखेनं "लायनर संपलंय, मालकाला कळवलं" असं लिहिलेलं असेल, तर निदान त्याचं बोलणं बहाणा ठरणार नाही.

एसटीत ड्रायव्हर गाडी डेपोत लावताना दोष लिहून देतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. अमेरिकेत तर ड्रायव्हरनं दोष लिहिला की दुरुस्त केला किंवा दुरुस्तीची गरज नाही, अशी सही मालकाच्या बाजूनं व्हावी लागते, आणि पुढचा ड्रायव्हर ती बघून सही करतो. तीन महिने तो कागद जपायचा. मालवाहू गाड्यांना "काही दोष नाही" असं रोज लिहून देण्याची सक्ती मात्र त्यांनी 2014 साली काढली. मला ते पटतं. रोज "सर्व ओके" लिहायची सवय लागली की बिघाड झालेल्या दिवशीही हात तेच लिहितो.

म्हणून तुम्ही रोज लिहू नका. बिघडलं तेवढंच लिहा: तारीख, किलोमीटर, काय बिघडलं, मालकाला किती वाजता कळवलं. दुरुस्त झालं की खाली मेस्त्रीची सही. अक्षराची काळजी नको, तुमचं अक्षर मी वाचते. पानाचा फोटो मालकाच्या व्हॉट्सअॅपवर टाका आणि मलाही. ब्रेक, स्टिअरिंग किंवा चाकाच्या नटांचं असेल तर लिहून गाडी हलवायची नाही. वही असली तरी त्या गाडीनं घाट उतरणं हा गुन्हाच आहे. मालक चिडतील. दुसरा ड्रायव्हर बघतो म्हणतील. बघू द्यात. ऊस सुरू झाला की इकडं कुंडलपासून भिलवडीपर्यंत चांगल्या ड्रायव्हरला कुणी घरी बसू देत नाही.

आईनं वहीला हळदकुंकू लावलंय, त्यामुळं पहिलं पान जरा चिकटलंय. दुसऱ्यापासून सुरू करा, आणि मागच्या उजव्या लायनरचं आधी लिहा.

तुमची लेक