झोप न मोडणारी कॉफी

चहा हा मराठी घरातला माणूस. कॉफी अजून पाहुणीच. ती येते ती जायफळ-वेलदोड्याचा साज लेवून. गंमत अशी, की एका हाताने झोप उडवणारी कॉफी घालायची आणि दुसऱ्या हाताने झोप आणणारे जायफळ उगाळायचे, ही आमच्या बायकांची जुनी तडजोड आहे!

आमच्या अण्णांकडे मात्र ही पाहुणी रोज येई. एरवी वर्तमानपत्राआड असणारे अण्णा संध्याकाळी पेला हातात आला की बोलू लागत. ऐंशीव्या वर्षी छातीत धडधड सुरू झाली, डॉक्टरांनी कॉफी बंद केली आणि तिच्याबरोबर त्यांचे बोलणेही थांबले. डॉक्टरांना विचारून मी कॅफीन काढलेल्या कॉफीच्या शोधास लागलो.

शाळेतल्या एका सहकाऱ्याने नाक मुरडले, "अहो, सत्त्वच काढले, मग उरला तो चोथा!"

पण कॅफीन म्हणजे कॉफीचे सत्त्व नव्हे. ते पहिल्याने वेगळे केले रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८१९ मध्ये. आणि त्यासाठी दाणे दिले होते साक्षात महाकवी गटेने. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रेमेनच्या रोझेलियसने कॅफीन काढलेली कॉफी विकायला आणली. तेव्हा दाणे बेन्झीनने धूत. आता ते काम कुठे पाण्यावर, कुठे दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडवर होते. कॅफीनचा अंश राहतो, पण अगदी थोडा. चवीतही त्याचा वाटा थोड्याशा कडवटपणाचाच. कॉफीचा खरा दरवळ जन्मतो तो भाजताना.

म्हणून माटुंग्याच्या एका ओळखीच्या कॉफीवाल्याकरवी कच्चे दाणे मिळवले आणि मुलुंडला येऊन कढई चढवली.

साधा दाणा प्रामाणिक असतो: हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा तपकिरी. हा मात्र धुतला गेल्यामुळे आधीच मातकट दिसतो, वर्गात शिरण्याआधीच प्रौढ चेहरा करून बसलेल्या मुलासारखा! त्याच्या रंगावर विसंबायचे नाही. नाक आणि कान जागे ठेवायचे. आच मंद, हात सारखा फिरता. गवती वास जाऊन भाजक्या पावासारखा वास येतो. मग तडतड, तीही दबकी. इथेच थांबले तर चव येते, पण कॉफी पातळ लागते. आणखी थोडे भाजले की तिला अंग भरते. तेल मात्र या दाण्यांना लवकर सुटते. ते चकाकू लागले की तत्काळ सुपात ओतायचे, नाहीतर हाती कोळसा! मग एक दिवस डब्यात विश्रांती. दाटपणाला चिमूटभर चिकोरी चालते; ती एका झाडाची मुळी, तिच्यात कॅफीन नसतेच.

अण्णांनी घोट घेतला. पेला पुढे-मागे करून पाहिला.

"ही ती नव्हे रे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण कॉफी आहे."

आणि पेला संपण्याआधी मुलुंडच्या मिठागरांच्या गोष्टी निघाल्या. पौर्णिमेच्या रात्री मिठाच्या राशी कशा चमकत, ते मी प्रथमच ऐकले. रात्री दहाला त्यांच्या खोलीतून घोरणे ऐकू आले. मी स्वयंपाकघरात जाऊन उरलेले दाणे मोजले. आणखी पंधरा दिवसांची सोय होती.