लपून जायला मीच शिकवलं

अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या एका गावात मी बावीस वर्षं शाळामास्तर होतो. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, आटोपली की माझं एक ठरलेलं भाषण असे : गाव सोडू नका. धान घरात आलं की बांध्या रिकाम्या होतात. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी ज्याच्या वावराला लागतं, तो उन्हाळी धान घेतो. बाकीच्यांनी मोहफुलाची, मग तेंदूपत्त्याची वाट बघत बसायचं. ते बसत नसत, तेलंगणात खम्ममकडे मिरची तोडायला जात. जानेवारीत पटावरची पोरं गायब झाली की माझा राग अनावर व्हायचा. ग्रामसभेतही मी आईबापांना नावानिशी बोललो आहे. ते आठवलं की आजही कानकोंडं होतं.

भाषणांचा परिणाम झाला. लोक जायचे थांबले नाहीत, सांगायचे थांबले. ठेकेदाराची गाडी पहाटे अंधारात तलावाच्या पाळीवर येऊन थांबायची आणि सकाळी दाराला कुलूप. शेजाऱ्याला विचारावं, तर उत्तर ठरलेलं : पाव्हण्याकडे गेले.

24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. तुमच्या गावचे किती मजूर बाहेर आहेत, कुठे आहेत, अशी विचारणा वरून आली. सरपंच, ग्रामसेवक आणि मी ग्रामपंचायतीत बसलो. कुलपं मोजली, चौदा निघाली. कोणत्या गावी, कोणाच्या शेतावर, एकाचाही पत्ता नाही. ठेकेदाराचा फोन बंद. ज्याला ज्याला विचारलं, तो माझ्या तोंडाकडे बघून गप्प राहिला.

त्याच दिवसांत नागपूर-रायपूर महामार्गावर देवरीजवळ मी पाणी वाटायला उभा होतो. डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू घेतलेली माणसं छत्तीसगडकडे चालली होती. त्यांच्यापैकी एकालाही मी विचारलं नाही की बाबा, गाव का सोडलं? तो सवाल मी फक्त माझ्याच गावासाठी राखून ठेवला होता.

आमची माणसं तीन आठवड्यांनी आली. काही अंतर टेम्पोत, बरंचसं पायी. पायांना फोड, आणि अर्धी मजुरी मालकाकडेच राहिलेली. माझ्याच वर्गात शिकलेली एक बाई म्हणाली, “सांगून गेलो असतो तर तुमी बोलले असते जी.” तिच्या आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं.

त्यानंतर मी 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पहिल्यांदा वाचला. आता तो नव्या कामगार संहितेत सामावला आहे. जुन्या कायद्यात पाच किंवा जास्त परराज्यीय मजूर कामाला लावणाऱ्या ठेकेदाराला परवाना बंधनकारक होता. मजुराला फोटोचं पासबुक द्यायचं होतं आणि त्यात कामाची जागा, मुदत, मजुरीचा दर, परतीचं भाडं, कपात, सगळं मजुराच्या भाषेतसुद्धा लिहायचं होतं. माझ्या बावीस वर्षांत असं एकही पासबुक मी पाहिलं नाही. पाहायला मागितलंही नाही. ‘जाऊ नका’ म्हणणाऱ्याला त्याची गरज कुठे असते?

आता मंडईनंतर मी भाषण करत नाही, वही घेऊन बसतो. नाव, ठेकेदाराचा फोन, गाडीचा नंबर, जागा, सोबतची लेकरं. ई-श्रम कार्ड आहे का, हेही विचारतो. रेशन कार्ड सोबत ठेवा, आता ते दुसऱ्या राज्यातही चालतं, एवढं सांगतो. पोरांना आजीकडे ठेवता आलं तर बघा, हे मात्र अजून म्हणतो. तेवढी खोड गेलेली नाही. एक ठेकेदार वहीचं नाव ऐकून दुसऱ्या गावाला वळला. आमच्या काही जणांची मजुरी बुडाली, आणि ते माझ्यावर चिडले. त्यांचंही खरं होतं.

वहीत उचलीचा एक रकाना आहे. उचलीपायी माणसाला बांधून ठेवणं 1976 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण किती घेतली हेच माहीत नसेल, तर उद्या भांडायचं कशावर? परवा त्याच बाईला आकडा विचारला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने तलावाकडे पाहिलं.

“गुरुजी,” ती म्हणाली, “ते मलेबी सांगितलं नाई.”

मी रकाना कोरा ठेवला आणि तिचा स्वतःचा फोन नंबर विचारला. तिच्याकडे फोन नव्हता.