सनद

'सनद' हा शब्द मराठी कानांना परका नाही. जुन्या काळी राजाने एखाद्याला वतन दिले, गाव इनाम दिले, म्हणजे त्याचा लेखी दाखला म्हणून सनद दिली जाई. ती सनद रुमालात गुंडाळून पेटीच्या तळाशी जपून ठेवीत. त्या कागदावरील मुद्रेच्या बळावर घराण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या चाले. अमेरिकेत मात्र एक वेगळीच सनद दिली जाते. ती घराण्याला मिळत नाही, शाळेला मिळते. आणि पेटीत ठेवून ती टिकत नाही. ती पुनःपुन्हा कमवावी लागते.

अशी सनद देण्याचा विचार रे बडी नावाच्या एका प्राध्यापकांनी 1988 साली आपल्या पुस्तकात मांडला. त्याच वर्षी अल्बर्ट शँकर या शिक्षकांच्या पुढाऱ्यांनी त्याचा पुरस्कार केला. 1991 साली मिनेसोटा राज्याने तसा कायदा केला, आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल या नगरात पहिली सनदी शाळा उघडली. शाळा सोडून भटकणाऱ्या मुलांना पुन्हा वर्गात आणणे, हे तिचे काम होते. आज त्या देशातील चाळीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत.

या सनदेचे स्वरूप साधे आहे. शाळा सरकारी पैशावर चालते. मुलांकडून फी घेत नाही. कोणता विषय कसा शिकवावा, दिवसाचे तास कसे लावावेत, शिक्षक कोण नेमावेत, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य शाळेला असते. त्या स्वातंत्र्याच्या बदल्यात शाळेने काही वर्षांचा करार करायचा असतो: मुले अमुक इतके शिकतील, नियमित येतील, पैशाचा हिशेब चोख राहील. करार पाळला, तर मुदत वाढते. न पाळला, तर सनद परत घेतली जाते, आणि शाळेला टाळे लागते. स्वातंत्र्य आणि जबाबदारी यांची अशी गाठ या कागदात बांधलेली आहे.

या गाठीची खरी कसोटी एका शहरात लागली. लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स हे ते शहर. मिसिसिपी नदीच्या वळणात ते वसलेले आहे. शहराचा बराच भाग समुद्रसपाटीहून खाली असल्यामुळे नदीचे आणि सरोवराचे पाणी बांध घालून अडवावे लागते. 29 ऑगस्ट 2005 या दिवशी कॅटरिना नावाचे चक्रीवादळ आले, बांध फुटले, आणि शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. हजाराहून अधिक माणसे दगावली. लाखो लोक घरदार सोडून परगावी गेले. शाळांच्या घंटा मुक्या झाल्या.

त्या शहराच्या फ्रेरेट नावाच्या वस्तीत सॅम्युएल जे. ग्रीन ही माध्यमिक वर्गांची शाळा होती. तिचे निकाल इतके खालावले होते, की राज्याने ती आपल्या ताब्यात घेऊन एका नव्या संस्थेच्या हाती सनद देऊन सोपविली होती. 2005 च्या ऑगस्ट महिन्यात नव्या व्यवस्थेचा आरंभ झाला न झाला, तोच हे वादळ आले. सनद हाती होती; पण शाळा कोणासाठी भरवायची? मुले दाही दिशांना पांगली होती.

जानेवारी 2006 मध्ये शाळेचे दार पुन्हा उघडले. परत आलेली मुले एकाच घरची नव्हती, एकाच गल्लीचीही नव्हती. कोणाचे घर वाहून गेले होते, कोणाचे आप्त परगावीच राहिले होते. ज्या मुलाच्या पायाखालची भूमीच हलली आहे, त्याला केवळ गणिताचे पुस्तक देऊन भागत नाही. त्याला प्रथम पाय रोवायला जागा हवी असते. या शाळेने ती जागा शब्दशः दिली. त्याच वर्षी शाळेच्या आवारात बाग उभारण्यास प्रारंभ झाला.

ही कल्पना दूरच्या कॅलिफोर्नियातून आली होती. तेथील बर्कली नगरात अ‍ॅलिस वॉटर्स या पाककलानिपुण बाईंनी 1995 साली मार्टिन ल्यूथर किंग माध्यमिक शाळेच्या सुमारे एक एकर जागेत बाग सुरू केली होती. मुलांनी पेरावे, मुलांनीच काढावे, शिजवावे, आणि सर्वांनी एका मेजाभोवती बसून जेवावे, असा तिचा साधा नियम होता. न्यू ऑर्लिन्सच्या मुलांनी तो नियम उचलला, पण वाफ्यांत पिकविले ते आपल्या मातीचे.

त्या भागात शाळेचे वर्ष ऑगस्टात सुरू होते. हवा दमट आणि उष्ण असते, वादळांचे दिवस संपलेले नसतात. पण भेंडीला हीच हवा मानवते. भेंडी त्या शहरात परकी नाही. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर ती अमेरिकेत आली. भेंडी घालून दाट केलेल्या, भाताबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या कालवणाला तेथे 'गंबो' म्हणतात, आणि ते नावही भेंडीच्या एका आफ्रिकी नावावरूनच पडले. भेंडीचे एक बी मातीत टाकताना मुलांच्या हाती इतिहासाचे एक पान येते. वाफ्याची लांबी-रुंदी मोजताना गणित येते. गांडूळ पाहताना जीवशास्त्र येते. आणि उगवायला लागणारा वेळ पाहताना जे येते, ते कोणत्याच वेळापत्रकात लिहिलेले नसते. त्याचे नाव धीर.

शरद ऋतूत रताळी निघतात. जमिनीवर नुसता वेल दिसतो. खाली काय आहे, हे खणल्यावाचून कळत नाही. काही मुलेही तशीच असतात. पुस्तकात मागे पडणारा मुलगा खुरपे हाती घेताच पुढे सरतो, आणि ज्याला चार ओळी वाचताना घाम फुटतो, तो चार जणांना रोप कसे लावावे, हे समजावून सांगू लागतो. शिक्षकाला त्या दिवशी त्याच्याविषयी काही नवे कळते.

हिवाळ्यात मोहरीचा पाला आणि इतर पालेभाज्या येतात. त्याच सुमारास शहराला उत्सवाचे वेध लागतात. मार्डी ग्रा हा तेथील मोठा सण. त्याच्या मिरवणुकांत शाळाशाळांची वाद्यपथके महिनोन्‌महिने सराव करून उतरतात. रस्त्याच्या दुतर्फा आजी-आजोबा, आया, शेजारी उभे राहून आपल्या मुलाला शोधीत असतात. सोमवार आला, की घरोघर तांबडा घेवडा आणि भात शिजतो. पूर्वी सोमवार हा धुण्याचा दिवस असे. बायकांना चुलीपाशी उभे राहायला सवड नसे. तेव्हा घेवडा मंद आंचेवर ठेवून त्या कपडे धुवीत. धुण्याची यंत्रे आली. पण सोमवारचा घेवडा राहिला. असा पदार्थ शाळेत शिजतो, तेव्हा तो शिकविण्याचा अधिकार एकट्या शिक्षकांचा राहत नाही. वस्तीतील आजीबाईंनाही तो असतो. अशा बागेत घरच्यांना आणि शेजाऱ्यांना बोलावण्याचे प्रयोजन हेच.

वसंतात परीक्षा येतात. राज्य प्रत्येक शाळेला गुण देते आणि त्यांवरून ए पासून एफ पर्यंत एक अक्षर ठरवते. ते अक्षर सर्वांसमोर जाहीर होते. सनदेचे भवितव्य बहुतांशी त्यावर अवलंबून असते. हे अक्षर खोटे नव्हे. ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याच्या शाळेत कितीही सुंदर बाग असली, तरी त्या मुलाचे नुकसान भरून निघत नाही. वादळानंतरच्या दहा वर्षांत न्यू ऑर्लिन्सच्या मुलांचे निकाल सुधारले, हे तेथील ट्युलेन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. कठोर कराराचे ते श्रेय मान्य केलेच पाहिजे.

पण या श्रेयाची किंमतही फार मोठी होती. वादळानंतर त्या शहरातील शाळांच्या 7,000 हून अधिक शिक्षकांना आणि सेवकांना कामावरून दूर करण्यात आले. त्यांतील कित्येक जण त्याच वस्त्यांत वाढलेले, त्याच मुलांच्या आईबापांना शिकविलेले होते. एकेक शाळा सनदी होत गेली. मुलाला शहरातील कोणत्याही शाळेत जाता येऊ लागले. पण त्यासाठी कोवळ्या मुलांना पहाटे उठून बसने दूर जावे लागे. शेजारची शाळा ही शेजाऱ्यांची राहीनाशी झाली. काही शाळांच्या सनदा गेल्या, आणि त्यांतील मुलांना पुन्हा नवे दार शोधावे लागले. 2019 पर्यंत तेथील जवळजवळ सर्वच सार्वजनिक शाळा सनदी झाल्या होत्या. 2024 साली मात्र शहराच्या शिक्षण मंडळाने स्वतः चालविण्यासाठी पुन्हा एक शाळा उघडली.

म्हणूनच त्या बागेचे महत्त्व केवळ भाजीपाल्यापुरते नाही. करारामुळे शाळेला स्वातंत्र्य मिळते; आपलेपणा करारातून मिळत नाही. तो हातांनी पेरावा लागतो. दूरदूरच्या गल्ल्यांतून आलेली मुले एका वाफ्याभोवती वाकतात, शेजारचे कोणी कुंपणापाशी थांबून "यंदा भेंडी कशी आहे?" असे विचारते, तेव्हा नकाशावरच्या एका इमारतीची शाळा होते.

मे महिना उजाडला, की वर्ष संपते. अहवाल लिहिला जातो. निकाल किती, हजेरी किती, खर्च किती, हे सारे आकडे त्यात येतात, आणि ते यायलाच हवेत. पण वादळात सर्वस्व गमावलेल्या मुलाने एके दिवशी आपण होऊन झारी उचलली आणि दुसऱ्याच्या वाफ्याला पाणी घातले, हे कोणत्या रकान्यात लिहावे? सरकारने दिलेल्या सनदेत त्यासाठी जागा नसते.

तरीही ते कोठेतरी लिहिले जाते. सनदा दोन असतात. एक कागदाची, तिच्यावर राज्याची मुद्रा असते, आणि तिची मुदत ठरलेली असते. दुसरी माणसांच्या मनातली; तिच्यावर कोणाचीच सही नसते, आणि ती दररोज सकाळी शाळेची घंटा वाजताच पुन्हा सुरू होते. पहिली सनद शाळेला उघडी ठेवते. दुसरी तिला जिवंत ठेवते. ज्या शाळेला दोन्ही मिळवाव्याशा वाटतात, तिने मुलांच्या एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात खुरपे द्यावे, आणि आपले फाटक शेजाऱ्यांसाठी थोडे उघडे ठेवावे.