मायचा आवाज

१४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्या रात्री नांदेडच्या आमच्या वस्तीत आयाबहिणींनी पहाटेपर्यंत भीमगीते गायिली. नामांतरासाठी १९९३ साली नांदेडातच आत्मदहन करणाऱ्या शहीद गौतम वाघमारे यांच्यावर आमच्या मायने स्वतः जुळवलेले गाणे सर्वांत शेवटी म्हटले. थोरल्या भावाने ते सारे टेपवर भरून घेतले.

२००५ साली त्या कॅसेटवरून आम्ही दोन सीडी भरून घेतल्या. एक आमच्याकडे राहिली, दुसरी लातूरला ताईकडे गेली. कॅसेट कुणीतरी मागून नेली, ती परत आली नाही. पुढे मायही गेली.

परवा मुलीने विचारले, "आजी कशी गायची?" आम्ही सीडी लावली. पहिली गाणी नीट वाजली. मायच्या गाण्याला मात्र नुसती खरखर! सीडी आतून कडेकडे लिहिली जाते, म्हणून शेवटचे गाणे कडेला असते. घरी भरलेल्या सीडीत लेसरच्या खुणा रंगाच्या थरावर उमटतात आणि ऊन, उष्णता व ओल यांनी तो रंग विटतो. आमची सीडी वर्षानुवर्षे खिडकीतल्या फळीवर, मराठवाड्याच्या उन्हात पडून होती. दोष आमचाच.

दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने लातूर गाठले. ताईने तिची सीडी मायच्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवली होती. शेजारच्या मुलाने जुन्या कॉम्प्युटरवर कमी वेगाने ती उतरवायला घेतली. दोनदा अडकली, तिसऱ्यांदा उतरली. मायचा आवाज खोलीत आला आणि ताईने पदर तोंडाला लावला.

बंधू-भगिनींनो, वामनदादा कर्डकांची गीते पुस्तकांत आहेत. आपल्या मायबहिणींची गाणी कोणत्या पुस्तकात आहेत? म्हणून या रविवारी घरातल्या जुन्या सीडी बाहेर काढा. मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. वरचा कागद खरवडू नका. एखादे गाणे वाजले म्हणून समाधान मानू नका, शेवटपर्यंत ऐका. जे वाजते ते आजच उतरवून दोन वेगळ्या घरी ठेवा. आमची माय ताईच्या पेटीमुळे वाचली. जयभीम!